सुगी ते मृग : हिंगोली जिल्ह्यातला कलेचा हंगाम

हिंगोली जिल्ह्यातल्या कलांचा विषय निघाला की बाहेरचा माणूस आधी नाट्यगृहाची चौकशी करतो. चित्रं कुठे लावतात, गाण्याच्या मैफली कुठे होतात, तिकीट किती असतं, हेही विचारतो. पुण्या-मुंबईच्या सवयीने विचारलेल्या या प्रश्नांना इथे सरळ उत्तरं मिळत नाहीत. मग मागासलेला जिल्हा, इथे काय असणार, असं म्हणून तो मोकळा होतो. मला या निष्कर्षाशी भांडायचं आहे. फाल्गुनात होळी पेटल्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग निघेपर्यंत या जिल्ह्याच्या कुठल्याही रस्त्याने रात्री नऊनंतर जाऊन बघा. एका गावात मारुतीच्या पारासमोर कीर्तन चाललेलं असतं. पुढच्या गावात निळ्या कमानीखाली भीमगीतांचा सामना रंगलेला असतो. तांड्यावर लग्नाची गाणी उठलेली असतात आणि त्याच्या पुढे कुठेतरी नव्या जोडप्याच्या घरी संबळ कडाडत असतो. तीन महिने रोज रात्री कुठे ना कुठे कुणीतरी गातं, नाचतं, सोंग घेतं आणि ते बघायला गाव जमतं. या सगळ्याला एक नाव नाही, एक संयोजक नाही, छापील कार्यक्रमपत्रिका नाही, म्हणून त्याला कुणी महोत्सव म्हणत नाही. या हंगामावरच्या लेखांच्या प्रस्तुत संग्रहाने तो महोत्सव मानला आहे आणि मला ते पटलेलं आहे.

उन्हाळाच का, याचं उत्तर शेतीत सापडतं. जिल्ह्यातली बरीच जमीन पावसावर अवलंबून. मृगापासून दिवाळीपर्यंत सोयाबीन, कापूस, तूर यांनी माणूस रानाला बांधलेला असतो, त्यानंतर रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा. हरभरा निघाला, ज्वारीची कणसं खुडून झाली की रान मोकळं होतं आणि विकलेल्या मालाचे चार पैसे हातात खेळतात. गुढीपाडव्याला सालगड्याचं साल पुरं होतं, जुना हिशेब मिटतो, नवं साल ठरतं. शाळांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात. दिवसा पारा बेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे बाहेरचं जगणं पहाटे आणि रात्री होतं. उघड्यावर बसायला पावसाची भीती नसते. वर्गणी देण्याची ऐपत, मोकळा वेळ, कोरडी जागा आणि सुसह्य रात्र या गोष्टी वर्षातून एकदाच अशा जुळून येतात. जुळल्या की गाव पाहुणे बोलावतं, कलावंत बोलावतं, आणि दोघांनाही जेवू घालतं.

वसमतकडचं चित्र थोडं निराळं आहे. पूर्णा नदीवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांमुळे तिकडे कालव्याचं पाणी आलं आणि हळदीचा पट्टा वाढला. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची आणि मग घोळायची, हे काम ऐन उन्हाळ्यात चालतं. त्या गावांमध्ये चैत्र हा विसाव्याचा महिना राहिलेला नाही. कीर्तनाला येऊन बसलेल्या बायांच्या हातांना हळदीचा रंग असतो. पाणी आलं की कलेचा हंगामही सरकतो, ही गोष्ट कलेच्या इतिहासात सहसा कुणी लिहीत नाही.

सुरुवात कीर्तनापासून करणं भाग आहे, कारण जिल्ह्यातलं सर्वांत मोठं संगीत विद्यालय सप्ता हेच आहे. हे विधान काहींना वाढवून केलेलं वाटेल. पण अखंड हरिनाम सप्ताहाची घडण बारकाईने पाहा. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, कीर्तनानंतर जागर, असं सात दिवस चालतं. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. या सात दिवस-रात्रींत विणा खाली ठेवायची नाही. पहाऱ्याप्रमाणे माणसं बदलतात, विणा उभीच राहते. पहाटे तीनच्या पहाऱ्याला एकटा विणेकरी नाम घेत उभा असतो आणि समोर कुणी नसतं, तरीही तो उभा असतो. श्रोत्यावाचून होणाऱ्या या गाण्याला मैफलीच्या हिशेबात कुठे बसवायचं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

रात्रीच्या कीर्तनात बुवांच्या मागे टाळकऱ्यांच्या ओळी उभ्या राहतात, एका बाजूला मृदंगी, दुसऱ्या बाजूला पेटीवाला आणि गायक. आधी नामगजर, मग रूपाचा अभंग, मग निरूपणाचा अभंग. बुवा बोलता बोलता एका चरणावर येऊन थांबतात आणि गायकाने तिथून चाल उचलायची असते. ती कोणत्या रागात उचलायची, किती चढवायची, कुठे सोडायची, हे आधी ठरवलेलं नसतं. चाल रंगली की टाळकरी पावली घेतात. मृदंगाच्या डाव्या पुडीवर कणकेचा गोळा थापलेला असतो. त्याचा ओलावा आणि जाडी यांवर धूम कसा बोलेल ते ठरतं, आणि उन्हाळ्याच्या हवेत ती कणीक भराभर सुकते म्हणून मृदंगी पाण्याची वाटी जवळ ठेवून बसतो. समोर बसलेल्या शेतकऱ्याला मालकंसाचं नाव सांगता येणार नाही कदाचित, पण गायक सुरातून सरकला तर त्याची मान हलायची थांबते. हा कान त्याने वर्षानुवर्षं सप्त्यांत बसून कमावलेला आहे.

शिकवण्याची व्यवस्थाही इथेच आहे. विष्णुबुवा जोग यांनी आळंदीत १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. मराठवाड्यातल्या कोरडवाहू घरांतली मुलं तिथे आणि तिच्याभोवती वाढलेल्या लहान-मोठ्या संस्थांमध्ये जाऊन गायन, मृदंग, गाथा, ज्ञानेश्वरी शिकतात. ती शिकून गावी आली की उन्हाळ्याच्या सुटीत मुलांची शिबिरं भरवतात. हातात पहिल्यांदा टाळ धरलेलं पोर सुटी संपेपर्यंत हरिपाठाची ठेवण धरायला लागतं. मृदंगाचे पहिले बोल हाताने मांडीवर वाजवायचे आणि तोंडाने म्हणायचे. वाद्य नंतर. जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात चांगला मृदंग वाजवणारा तरुण भेटला तर त्याला शिबिराबद्दल विचारा. उत्तर बहुधा तिथूनच सुरू होईल.

हे सगळं हिंगोलीत असणं आणखी एका कारणाने खास आहे. कयाधूच्या काठावरचं नरसी हे संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जातं. जन्मसाल १२७०. जन्मस्थानाबद्दल अभ्यासकांमध्ये वाद आहेत आणि ते वाद होऊ द्यावेत, पण नरसीने नामदेवांना आपलं मानलं आहे आणि पंजाबातून येणारा शीख यात्रेकरूही नरसीलाच येतो, कारण गुरू ग्रंथसाहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. वारकरी कीर्तनाचा पाया नामदेवांनी घातला, असं परंपरा सांगते. औंढ्याला विसोबा खेचरांकडून त्यांना गुरूपदेश झाला. औंढ्याच्या देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही म्हणून नामदेव मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा जिल्ह्यातलं लहान पोरही सांगतं. नंदी देवळाच्या मागे का, याचं स्पष्टीकरण म्हणून ती सांगितली जाते. मला ती कथा कलेविषयीची वाटते. गाणाऱ्याला समोरची जागा नाकारली गेली, त्याने मागच्या अंगणात गाणं मांडलं, आणि जिथे गाणं होतं तिकडे देवाने तोंड केलं. ज्या जिल्ह्यात ही गोष्ट घरोघर सांगितली जाते, तिथे कलेच्या जागेचा प्रश्न रंगमंदिराच्या बांधकामावर अडून कसा राहील?

याच कथेतला नकार पुढे शतकानुशतकं अनेकांच्या वाट्याला आला, आणि त्यातून दुसरी मोठी परंपरा उभी राहिली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीतून सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी तमाशाचा बाज घेतला आणि आशय पालटला. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. गण-गवळणीच्या जागी वंदना आली, बतावणीच्या जागी सावकार, पाटील, भट आणि शिकलेला पोरगा यांचे संवाद आले. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरले. मराठवाड्यात त्यांचं येणं-जाणं इतकं होतं की वामनदादा आपल्या गावी येऊन गेले, हे वाक्य इथे अनेक घरांत कुळाच्या इतिहासासारखं सांगतात. १९७८ च्या जुलैत विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतच्या सोळा वर्षांत गाणं हेच अनेक वस्त्यांचं वर्तमानपत्र होतं. कुठे काय घडलं, कोण मारलं गेलं, मोर्चा कुठून निघणार, हे आधी गाण्यातून कळायचं.

आज १४ एप्रिलची आंबेडकर जयंती एका दिवसात आटपत नाही. गावं आपापल्या तारखा मागे-पुढे ठरवतात, कारण गायक थोडे आणि गावं फार. एप्रिलच्या मध्यापासून वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या पलीकडेपर्यंत कार्यक्रम चालूच राहतात. पेटी, ढोलकी, बेंजो, कोरस धरणारे दोन-तीन जण आणि मुख्य गायक किंवा गायिका, एवढ्यात संच होतो. सामना असेल तर एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका. सवाल-जबाब कव्वालीच्या अंगाने चढत जातात, आणि पुढच्या रांगेतली म्हातारी उठून दहाची नोट गायिकेच्या हातात देते तेव्हा गायिका गाणं थांबवून त्या म्हातारीचं नाव पुकारते. ही नावं पुकारण्याची रीत मी फार मोलाची मानतो. ज्यांची नावं गावात कधी मानाने घेतली गेली नाहीत, त्यांची नावं लाऊडस्पीकरवरून सगळ्या शिवारात जातात.

या गाण्यांना समीक्षकांनी प्रचारगीतं म्हणून बाजूला काढलं, हा मोठा अन्याय आहे. चालींचं वैविध्य पाहिलं तरी पुरे. भजनाची चाल, लावणीची चाल, कव्वालीची चाल, ओवीची चाल, चित्रपटातली चाल, सगळ्या चाली इथे येऊन बदलतात. पाळणा तर प्रत्येक गावाचा वेगळा. या संग्रहात या परंपरेला सर्वांत जास्त पानं मिळाली आहेत. ती कमी करावीत अशी सूचना आली असती तरी मी तिला विरोध केला असता.

उन्हाळा लग्नसराईचाही असतो, म्हणून गोंधळाचाही असतो. लग्नानंतर कुलाचाराचा गोंधळ घातल्याशिवाय अनेक घरांत लग्न पुरं झालं असं मानत नाहीत. चौक मांडला जातो, घट बसतो, उसाची किंवा ज्वारीची ताटं उभी बांधतात, दिवटी पेटते. संबळ, तुणतुणं आणि झांज. पूर्वरंगात देवदेवतांना आमंत्रणं, आणि मग आख्यान. रात्र चढते तसा नाईक एकटाच चार पात्रं होतो. हातातला पदर डोक्यावर घेतला की राणी, कमरेला खोचला की राजा. जांभूळ आख्यान हे विठ्ठल उमपांमुळे शहरातल्या रंगमंचावर गाजलं, पण त्याचं मूळ गोंधळ्यांच्या या अंगणातल्या रात्रीत आहे. परभणीच्या राजारामभाऊ कदमांना लोक गोंधळमहर्षी म्हणत. त्यांच्या उमेदीच्या काळात आजचा हिंगोली जिल्हा परभणीतच होता, तेव्हा त्यांच्यावर आमचाही हक्क आहे.

हक्काची ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. त्याआधीच्या सगळ्या नोंदी परभणीच्या नावावर आहेत. वसमतचा शाहीर परभणीचा म्हणून छापला गेला, सेनगावचा गोंधळी मराठवाड्याचा म्हणून, आणि १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीचा माणूस तर निजामाच्या मुलखातला म्हणून. तीनदा सरहद्द बदललेल्या प्रदेशातला कलावंत प्रत्येक वेळी कागदावरून थोडा थोडा पुसला जातो. म्हणून जिल्हा हा घटक धरून कलांची नोंद करण्याला माझा पाठिंबा आहे, एरवी कलेला जिल्ह्याची हद्द नसते हे मान्य करूनही.

संबळाइतकंच मोठं वाद्य हलगी आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं गेलं आहे. लग्नाची वरात, जत्रेची काठी, कुस्तीचा फड, अंत्ययात्रा, सगळीकडे हलगी लागते. वाजवणारे बहुतेक मातंग समाजातले. वाजवायच्या आधी पाचटाचा किंवा गवताचा जाळ करून कातडं शेकतात. ताण बसला की बोटाने टिचकी मारून बघतात. आवाज पुरेसा चढला नाही तर पुन्हा शेकतात. कुस्तीची हलगी वेगळी, वरातीची वेगळी, मयताची वेगळी. या ठेक्यांचं ज्ञान बापाकडून मुलाकडे आलं आणि गावाने त्याला कधी कला म्हटलं नाही, कारण वाजवणाऱ्याला कलावंत म्हणायची गावाची तयारी नव्हती. पायलीभर धान्यावर आणि उरलेल्या अन्नावर वाजवलेली ही हलगी आहे. अनेक तरुणांनी ती सोडली, आणि मानाने जगण्यासाठी सोडली असेल तर त्यांना परंपरा राखण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कुणालाच नाही. आता वरातीत डीजे आला आहे. त्याच्या भिंतीपुढे उभं राहिलं की छाती धडधडते, पण ठेका कुणाच्या हातून येत नाही. ज्यांना हलगी हवी आहे त्यांनी आधी वाजवणाऱ्याला बिदागी ठरवून द्यावी, पंगतीत पहिल्या रांगेत बसवावं, आणि मग परंपरेबद्दल बोलावं.

तांड्याचा उन्हाळा सगळ्यांपेक्षा वेगळ्या कारणाने महत्त्वाचा. सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतल्या बंजारा तांड्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. कारखान्याचा पट्टा पडला की परततात. म्हणजे होळी ते मृग हाच काळ असा, की तांडा पूर्ण भरलेला असतो. होळीची लेंगी, नगारा आणि थाळीच्या ठेक्यावरचा नाच, मग रामनवमीला वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीची यात्रा, मग लग्नं. नवरी सासरी जाताना ढावलो गातात. रडणं आणि गाणं यांतली सीमा त्यात उरत नाही, आणि नवरीला ते गाता यावं म्हणून मोठ्या बाया तिला आधी शिकवतात. रडण्यालाही सूर लागतो, आणि तो शिकावा लागतो.

चित्रप्रदर्शन कुठे भरतं असं विचारणाऱ्याला मी तांड्यावरच्या लग्नात घेऊन जाईन. जुनी फेटिया आणि कांचळी पेटीतून बाहेर निघतात. आरसे, कवड्या, जुनी नाणी, सुताच्या रंगांचे चौकोन-त्रिकोण. एकेक वस्त्र पुरं व्हायला महिने गेलेले असतात, आणि टाका कुणाचा ते बाया नजरेने ओळखतात. ऊसतोडीच्या कोयत्याने आखडलेल्या बोटांनी हे काम आता कमी होतं. व्यापारी तांड्यावर येऊन जुने कपडे किरकोळ पैशांत उचलून नेतात आणि शहरातल्या दुकानांत त्यांच्या पिशव्या, उशांचे अभ्रे होतात. आजीचा घागरा असा तुकड्या-तुकड्यांनी विकला जाण्याआधी त्याचे निदान फोटो काढून ठेवावेत, बनवणारीच्या नावासकट.

दगडातलं प्रदर्शन औंढा नागनाथला बाराही महिने उघडं आहे. यादवकाळातलं हे देऊळ खालच्या अंगाने काळ्या बेसाल्टमध्ये घडवलेलं, तारकाकृती, थरांवर थर. वरचा विटा-चुन्याचा भाग नंतरचा. गर्भगृहात उतरायला खाली अरुंद वाट. बहुतेक भाविक दर्शन घेऊन निघून जातात. बाहेरच्या भिंतीला सावकाश प्रदक्षिणा घातली आणि उन्हाळ्याच्या सकाळी सातच्या तिरप्या उजेडात मूर्तींकडे पाहिलं, तर वाद्यं वाजवणारे हात, नाचणाऱ्यांचे वळलेले गुडघे, हत्तींच्या रांगा एकेक करून वर येतात. दुपारच्या उन्हात हेच शिल्प सपाट दिसतं. जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांनी मुलांना सकाळच्या वेळी वही-पेन्सिल घेऊन इथे बसवावं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी बाटली-वाटीचं स्थिरचित्र घोटून घेण्यापेक्षा ते किती तरी अधिक शिकवेल.

रंगाऱ्यांबद्दलही संग्रहात एक लेख आहे आणि तो वाचून मला वाईट वाटलं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, जयंतीच्या मिरवणुकीतलं बाबासाहेबांचं चित्र, नाटकाचा जंगलाचा नि राजवाड्याचा पडदा, हे सगळं एकच माणूस करायचा. गाव त्याला पेंटर म्हणायचं आणि तेच त्याचं आडनाव व्हायचं. फ्लेक्स आला आणि काही वर्षांतच त्यांचे ब्रश बंद झाले. त्यांच्यातले काही आता फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसतात, काही शेतात गेले. अक्षराला वळण देणारा तो हात आता फार थोड्या गावांत आहे.

हिंगोली शहराचा बाज या खेड्यांहून वेगळा. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावं त्या छावणीची. फौजेत मुलखा-मुलखांतले लोक होते, त्यांच्या बोली आल्या, सण आले. खाकीबाबा मठाचे महंत मानदास बाबा यांनी १८५५ च्या सुमारास सुरू केलेला दसरा महोत्सव आजही रामलीला मैदानावर भरतो. रामलीला, प्रदर्शन, कुस्त्या आणि शेवटी रावणदहन. मराठी मुलखाच्या मधोमध हिंदी रामलीलेला हजारो माणसं का बसतात, याचं मूळ मला छावणीच्या त्या मिसळीत दिसतं. दसरा पावसाळ्यानंतरचा, आपल्या विषयाच्या बाहेरचा. तरी त्याचा उल्लेख करावा लागतो, कारण दसऱ्याला तमाशाचे फड बाहेर पडतात आणि उन्हाळ्यातल्या जत्रांवर त्यांचा हंगाम संपतो. म्हणजे आपल्या हंगामाचं दुसरं टोक तिथे आहे. कळमनुरीच्या नुरी दर्ग्यासारख्या ठिकाणांच्या उरुसांचा हिशेब आणखी निराळा. हिजरी वर्ष लहान, त्यामुळे उरुस दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. काही वर्षं कव्वाली भर उन्हाळ्यात, काही वर्षं थंडीत. भाविक मात्र सगळ्या धर्मांचे.

निजामी राजवटीत सभा-संमेलनांवर बंधनं होती. गश्ती निशाण ५३ म्हणून ओळखला जाणारा हुकूम जुन्या पिढीच्या तोंडी अजून आहे. परवानगीवाचून जमता येत नव्हतं. त्यामुळे गणेशोत्सव, मेळे, कीर्तनं, वाचनालयांचे वार्षिकोत्सव यांना वेगळंच वजन आलं. धर्माच्या किंवा करमणुकीच्या निमित्ताने जमायचं आणि मनातलं सांगायचं, ही सवय तेव्हाची. मराठवाड्यातल्या नाटकांत विनोदाआडून गंभीर गोष्ट का येते, याचं एक कारण मला इथे दिसतं.

हौशी नाटक जिल्ह्यात आहे आणि ते कष्टाने चालतं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून होते आहे. हिंगोलीच्या मंडळींना जवळची केंद्रं परभणी आणि नांदेडची. तालमी शाळेच्या वर्गात, तेही बाकं सरकवून. स्त्री-भूमिकेसाठी मुलगी मिळवणं हे आजही दिग्दर्शकापुढचं पहिलं संकट. नांदेडच्या दत्ता भगतांच्या 'वाटा-पळवाटा'सारख्या नाटकाने मराठवाड्यातल्या तरुणांना दाखवून दिलं, की आपल्या वस्तीतला वाद आणि आपल्या घरातली भाषा रंगमंचावर जशीच्या तशी उभी राहू शकते. वसमत तालुक्यातल्या रिढोऱ्याचे कवी इंद्रजित भालेराव यांनी तेच कवितेत केलं. त्यांच्या कविता पुस्तकाइतक्याच व्यासपीठावरून, म्हणून दाखवताना लोकांपर्यंत गेल्या. या जिल्ह्यात छापील शब्दालाही शेवटी आवाज लागतो.

तमाशाबद्दल या संग्रहात थोडं आहे, आणि मीही थोडक्यात आटोपतो. मोठे फड नारायणगावच्या राहुट्यांतून ठरतात, इथे येतात, खेळ करून जातात. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. त्यांच्या तंबूबाहेर हलगीवर बसलेल्या स्थानिक पोरावर मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही.

संग्रहात उणीव आहे ती स्त्रियांच्या गाण्याची. जात्यावरच्या ओव्या जातं गेल्यावर विस्कळीत झाल्या, पण हळदीच्या आणि मांडवाच्या गाण्यांत त्या अजून जिवंत आहेत. ती घरात, पुरुष बाहेर असताना गायली जातात, आणि लेखक बहुतेक पुरुष होते, त्यामुळे ती कानावर आली नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या शिकलेल्या मुलींनी आपल्याच आज्या-मावश्यांची गाणी मोबाइलवर नोंदवायचं काम सुरू करावं. नोंद करताना गाणं कुणाचं, कोणत्या गावचं, कुणाकडून शिकलं, कोणत्या प्रसंगी म्हणतात, एवढं आधी विचारून घ्यावं आणि मग रेकॉर्डिंग सुरू करावं. यूट्यूबवर आज कीर्तनं आणि भीमगीतं भरपूर आहेत, पण मृदंग कुणाचा, कोरस कुणाचा, ढोलकी कुणाची, हे त्यांत क्वचितच सापडतं. संग्रहातल्या प्रत्येक लेखाच्या शेवटी साथीदारांची नावं गावासकट दिली आहेत. वाचकांनी ती पानं उलटून पुढे जाऊ नये. नाव चुकलं असेल, गाव चुकलं असेल, तर संपादकांना कळवावं, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत ते दुरुस्त होईल.